फायबरच्या कापडातून हेल्मेटचं कवच: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी, पायरीपायरीने

आमचं पहिलं कवच साच्यातून निघालं तेव्हा आम्ही ते जमिनीवर पालथं ठेवून आळीपाळीने त्यावर उभे राहिलो. जरासुद्धा वाकलं नाही. सगळे थर कार्बनचे, वर आरशासारखी चकाकी. सगळे खूश. पुढच्या आठवड्यात आत थर्मोकोलचं अस्तर बसवून ते ऐरणीवर पाडलं. कवचावर जेमतेम एक ओरखडा उठला, पण चाचणीच्या धातूच्या डोक्यातल्या सेन्सरने दाखवलेला आकडा मर्यादेच्या बराच वर गेला होता. अस्तर बाहेर काढून पाहिलं तर त्यावर नीटसा खळगासुद्धा नव्हता. कवच वाचलं होतं, आतलं डोकं वाचलं नसतं.

त्या दिवशी जे कळलं ते आधीच कुणी सांगितलं असतं तर आमचे कित्येक महिने वाचले असते, म्हणून हे लिहितोय. हेल्मेटचं कवच नुसतं मजबूत असून भागत नाही. आघाताच्या वेळी त्याने थोडं वाकावं, ठरलेल्या रीतीने तडकावं आणि अस्तराला दबायला वाव द्यावा, अशा बेताने ते बनवायचं असतं. खालच्या प्रत्येक पायरीत हीच गोष्ट मनात ठेवा.

हा लेख प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि नमुने बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळा यांच्यासाठी आहे. एक अट सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. इथे सांगितलेल्या पद्धतीने बनलेलं हेल्मेट फक्त चाचणीसाठी आहे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून प्रमाणित झाल्याशिवाय ते कुणाच्याही डोक्यावर चढवायचं नाही, गल्लीतल्या गल्लीत चक्कर मारण्यापुरतंसुद्धा नाही.

## १. हेल्मेट कशासाठी, हे आधी ठरवा

कामगाराच्या डोक्यावर वरून वस्तू पडते. दुचाकीस्वाराचं डोकंच जाऊन रस्त्यावर आदळतं. सायकलस्वाराचा वेग कमी, पण त्याला हेल्मेट हलकं लागतं. गोळी किंवा छर्रे अडवणारं हेल्मेट ही तर वेगळीच विद्या आहे. तिथे अरामिडच्या (केवलारसारख्या तंतूच्या) थरांत रेझिन, म्हणजे कापडात भिनून कडक होणारं द्रव, मुद्दाम खूप कमी ठेवतात, म्हणजे थर एकमेकांपासून सुटत सुटत गोळीची ऊर्जा खातात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

प्रत्येक प्रकाराचं मानक वेगळं आणि त्यातली मोजणीही वेगळी. औद्योगिक हेल्मेटच्या ईएन ३९७ या युरोपीय मानकात ५ किलोचं वजन १ मीटरवरून हेल्मेटवर पाडतात आणि डोक्यापर्यंत पोहोचणारं बल ५ किलोन्यूटनच्या वर जाऊ देत नाहीत. दुचाकीसाठी ईसीई २२ या युरोपीय नियमाच्या २२.०५ या आधीच्या आवृत्तीत हेल्मेट घातलेलं डोकं ७.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने ऐरणीवर आदळवतात. डोक्याचं मंदन, म्हणजे वेग किती झपाट्याने कमी होतो ते, २७५ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २७५ पटींच्या) आत आणि हेड इंज्युरी क्रायटेरियन, म्हणजे डोक्याच्या इजेचा धोका सांगणारा आकडा, २४०० च्या आत राहायला हवं. त्यानंतरच्या २२.०६ मध्ये जास्त आणि कमी अशा दोन्ही वेगांच्या चाचण्या वाढल्या, शिवाय डोकं गरकन फिरवणाऱ्या तिरक्या आघाताचीही भर पडली. सायकलच्या ईएन १०७८ मध्ये मर्यादा २५० जी आहे.

तुमच्याकडे जे मानक लागू असेल त्याचा मूळ दस्तऐवज मिळवा आणि कापडाला हात लावण्याआधी शेवटच्या पानापर्यंत वाचा. नवखे इथेच चुकतात. आधी कवच बनवतात आणि मग ते कुठल्या चाचणीत बसतंय ते शोधत फिरतात.

## २. दहा मिनिटांचं गणित, पण चुकवू नका

७.५ मीटर प्रतिसेकंद म्हणजे साधारण २.८७ मीटरवरून पडल्यावर येणारा वेग. डोक्याचं वजन ५ किलो धरलं तर ऊर्जा झाली सुमारे १४० जूल. ही ऊर्जा कुठे जिरवायची, एवढाच सगळा प्रश्न.

डोकं थांबायला किती अंतर मिळतं त्यावर मंदन ठरतं. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, एवढंच सूत्र. ५ मिलीमीटरमध्ये थांबलं तर सरासरी मंदन जवळपास ५७० जी. २३ मिलीमीटर मिळाले तर सुमारे १२५ जी. सर्वोच्च आकडा सरासरीच्या बराच वर जातो, म्हणून १२५ पाहून निर्धास्त होऊ नका.

हे २३ मिलीमीटर आले कुठून? अस्तरातून. आतलं ईपीएस, म्हणजे आपला थर्मोकोल (पॅकिंगमध्ये येतो त्याहून बराच दाट), जाडीच्या साधारण दोन-तृतीयांश दबेपर्यंत काम करतो. त्यापुढे तो दगड होतो. ३५ मिलीमीटरच्या अस्तरातून कामाचे मिळतात ते एवढेच. दबून कायमचं चिरडणारं अस्तर वापरायची कल्पना लोम्बार्ड आणि रॉथ यांच्या १९५३ च्या अमेरिकन पेटंटमधली. त्याआधीची हेल्मेटं मुख्यतः कठीण टोपीसारखी होती.

मग कवच काय करतं? दगडाचं टोक किंवा फुटपाथची कड अस्तरात थेट घुसू देत नाही, आघात मोठ्या भागावर पसरवतं, रस्त्यावर घसरू देतं आणि स्वतः तडकून, थर सोडून काही ऊर्जा खातं. आता आमची चूक बघा. कवच अति ताठ केलं की आघात अस्तराच्या फार मोठ्या भागावर पसरतो. एवढा भाग एकदम दाबायला बलही मोठं लागतं, म्हणून अस्तर दबतच नाही आणि सगळा धक्का डोक्यात जातो. कवचाचा ताठपणा आणि अस्तराची घनता ही जोडी आहे. एक बदललं की दुसरं पुन्हा तपासायचं.

## ३. कापड निवडा: इथे घाई नको

बाजारात तीन नावं सतत कानावर येतात: ग्लास (काचेचे तंतू, त्यातला नेहमीचा प्रकार ई-ग्लास), कार्बन, अरामिड. नवखा माणूस कार्बनकडे ओढला जातो, आम्हीही गेलो.

ताणून तोडायला लागणारं बल पाहिलं तर साधं ई-ग्लास आणि नेहमीचं कार्बन यांत फारसं अंतर नाही, दोन्ही साधारण ३.४ ते ३.५ गिगापास्कल. फरक आहे तो तुटेपर्यंत किती ताणलं जातं यात. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास तुटतं. ई-ग्लास साडेचार टक्क्यांपर्यंत तग धरतं. ऊर्जा जिरवण्याची ताकद या दोन्हींच्या गुणाकारावर अवलंबून असते. त्या हिशेबाने एवढ्याच आकारमानाचं ई-ग्लासचं तंतू कार्बनच्या सुमारे तिप्पट ऊर्जा साठवतं, आणि वजनाला वजन धरलं तरी जवळपास दुप्पट. हे नुसत्या तंतूचं गणित आहे, कवचात थर सुटणं, रेझिन तडकणं असे आणखी खर्च असतात. तरी कल कुणीकडे आहे ते यातून दिसतं. कार्बन ताठपणा आणि हलकेपणासाठी घ्यायचं, आघात खाण्यासाठी नाही.

अरामिडचा स्वभाव वेगळा. १९६५ मध्ये ड्यूपाँमध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या कामातून ज्या तंतूचा शोध लागला, त्याला आपण केवलार म्हणून ओळखतो. घनता १.४४, म्हणजे ग्लासच्या २.५५ पेक्षा कितीतरी हलकं. ताणाला चिवट आणि तुटलं तरी तुकडे एकत्र धरून ठेवतं. पण दाबाला कच्चं, ओलावा शोषतं आणि उन्हाने खराब होतं. आघात झाला की कवच आत वाकतं, तेव्हा बाहेरच्या बाजूवर दाब येतो आणि आतल्या बाजूवर ताण. म्हणून अरामिड आतल्या बाजूला लावा आणि बाहेर ग्लास. उन्हाचाही प्रश्न सुटतो.

पहिल्या नमुन्यासाठी माझा सल्ला सरळ आहे: सगळे थर ई-ग्लासचे, जमल्यास सगळ्यात आतले एक-दोन अरामिडचे. कार्बन दुसऱ्या फेरीत, तेही फक्त जिथे ताठपणा कमी पडतोय असं मोजून दिसलं तिथे.

विणकाम बघून घ्या. साधी उभी-आडवी वीण गोलाईवर सुरकुत्या देते. ट्विल, म्हणजे तिरपी रेघ दिसणारी वीण, घुमटावर बरीच सहज बसते. वजन प्रति चौरस मीटर २०० ते ३०० ग्रॅम ठेवा, जाड कापड कोपऱ्यात बसत नाही. विकत घेताना कापडाच्या तंतूवरचा लेप कुठल्या रेझिनशी जुळतो ते नक्की विचारा. काचेच्या तंतूवर सिलेनचा लेप असतो आणि तोच रेझिनला धरून ठेवतो. लेप जुळला नाही तर कवच दिसायला उत्तम होतं आणि पहिल्याच आघाताला पापुद्रे सुटतात.

## ४. रेझिन: तीन सापळे

पॉलिएस्टर स्वस्त आणि झटपट, पण सेट होताना बरंच आकसतं आणि ठिसूळ असतं. व्हिनाइल एस्टर त्याहून चिवट. इपॉक्सी सर्वांत कमी आकसतं आणि तंतूला घट्ट धरतं, अरामिडलाही. पहिल्यांदा करताना इपॉक्सीच घ्या.

पहिला सापळा: चॉप्ड मॅट. तुकड्यातुकड्यांच्या तंतूंची ही चटई ज्या बाइंडरने धरलेली असते तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. आम्ही इपॉक्सीसोबत मॅट वापरली, तर ती पुठ्ठ्यासारखी ताठच राहिली आणि गोलाईवर दाबली की परत उसळायची. तासभर तिच्याशी झटलो आणि सगळं फेकून दिलं. इपॉक्सी घेतलंत तर विणलेलं कापडच घ्या.

दुसरा सापळा जिवावरचा आहे. पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टर वापरणार असाल तर कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर आणि एमईकेपी कॅटॅलिस्ट कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. आग लागते, स्फोटही होऊ शकतो. अ‍ॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, आणि मगच कॅटॅलिस्ट, साधारण १ ते २ टक्के. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन विकत घ्या. एमईकेपीचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. चष्मा न लावता त्याची बाटली उघडायची नाही.

तिसरा सापळा इपॉक्सीच्या मापाचा. डब्यावर दिलेलं प्रमाण वजनाने आहे की आकारमानाने, ते पाहा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे दोन्ही प्रमाणं वेगळी येतात. आणि 'लवकर सेट व्हावं' म्हणून हार्डनर वाढवणं हा तर हमखास घात आहे. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडा कमी-जास्त चालतो, इपॉक्सीत चालत नाही. जास्तीचा हार्डनर कुणाशी न जुळता तसाच राहतो आणि कवच मऊ पडतं.

## ५. साहित्य आणि कागदपत्रं

सुरू करण्याआधी हे सगळं टेबलावर हवं:

- कापड, रेझिन, हार्डनर, आणि तिघांचीही तांत्रिक माहितीपत्रकं
- रेझिन व हार्डनरची सुरक्षा माहितीपत्रकं, छापून भिंतीवर लावलेली
- लागू मानकाची प्रत
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा
- साचा, आणि कवच त्याला चिकटू नये म्हणून रिलीज वॅक्स व पीव्हीए
- ब्रश, छोटे खाचांचे रोलर, रुंद तोंडाचे उथळ ट्रे, ढवळायच्या काड्या
- पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), छिद्रांची फिल्म, ब्रीदर (जास्तीचं रेझिन शोषणारं जाड कापड), बॅगची फिल्म, सीलंट टेप, व्हॅक्यूम पंप आणि गेज
- नायट्राइल हातमोजे (भरपूर), चष्मा, सेंद्रिय वाफा आणि धूळ दोन्ही अडवणारा मास्क
- अरामिडसाठी बारीक दात्यांची वेगळी कात्री. साधी कात्री त्याचे तंतू नुसते चघळते
- वही

वही सगळ्यात महत्त्वाची. बॅच क्रमांक, खोलीचं तापमान, हवेतला दमटपणा, प्रत्येक थराचं वजन, किती वाजता मिसळलं, हे सगळं त्याच क्षणी लिहा. सहा नमुने झाल्यावर चौथा का चांगला निघाला हे आठवणीवर सांगता येत नाही.

## ६. साचा

हेल्मेट खालच्या बाजूला आत वळतं. डोक्याचा सगळ्यात रुंद भाग कानांच्या वर, आणि त्याखाली कवच अरुंद होत जातं. एकसंध ताठ साच्यातून असं कवच निघतच नाही. म्हणून साचा आतून भरायचा, म्हणजे मादी साचा, आणि तो दोन किंवा तीन भागांत सुटणारा हवा. बाहेरची बाजू गुळगुळीत मिळते हा त्याचा आणखी फायदा. जुन्या हेल्मेटवरून साचा काढणार असाल तर जोडाची रेघ कुठे येईल ते आधी पेन्सिलने आखा. कपाळाच्या मध्यावर ती आणू नका.

नव्या साच्याला वॅक्सचे पाच-सहा हात द्या, प्रत्येक हातानंतर वाळू द्या आणि पुसून चमकवा. त्यावर पीव्हीएचा पातळ थर. इथे आळस केला तर कवच आणि साचा जन्माचे चिकटतात.

## ७. पाकळ्या कापणं

संत्र्याची साल फाटल्याशिवाय सपाट होत नाही, तसंच सपाट कापड सुरकुती न पडता घुमटावर बसत नाही. ट्विल बरंच जुळवून घेतं, पण पूर्ण नाही. म्हणून कागदाचे नमुने काढून कापडाच्या पाकळ्या करा. आम्ही दर थराला सहा पाकळ्या घेतो, शेजारच्या पाकळीवर २० ते २५ मिलीमीटर चढतील अशा.

आता खरी काळजी. पहिल्या ग्लासच्या कवचात आम्ही सगळ्या थरांचे जोड एकाखाली एक आणले. कापायला सोपं होतं. चाचणीत तडा त्या जोडाच्या रेघेवरून टाळूपासून कडेपर्यंत चेन उघडावी तसा गेला. बाकी कवचाला काहीच झालं नव्हतं, म्हणजे बाकीच्या तंतूंना काम करायची संधीच मिळाली नव्हती. प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा फिरवून लावा, कुठलेही दोन जोड एकावर एक येता कामा नयेत.

टाळूची अडचण वेगळी. सगळ्या पाकळ्यांची टोकं तिथे भेटतात आणि एकतर गाठ होते, नाहीतर भोक राहतं. टोकं आखूड कापा आणि एकाआड एक थरात टाळूवर गोल चकती ठेवा. चकत्यांचे व्यासही वेगवेगळे घ्या, नाहीतर तिथे गोल पायरी तयार होते.

कापलेली प्रत्येक पाकळी थराच्या क्रमांकाप्रमाणे रचा आणि थराथराचं वजन करून वहीत लिहा. रेझिन लावलेल्या हातांनी कापड कापायची वेळ येऊ देऊ नका.

## ८. लेअप, म्हणजे थर रचणं

आधी रेझिनचा हिशेब. समजा कवचाचं क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर आहे आणि ३०० ग्रॅमच्या ग्लासचे ८ थर आहेत. कापड झालं ३६० ग्रॅम. तंतूंचं आकारमान ४५ टक्के हवं असेल तर १०० ग्रॅम ग्लासला सुमारे ५५ ग्रॅम इपॉक्सी कवचात राहायला हवं, म्हणजे अंदाजे २०० ग्रॅम. कवच ५६० ग्रॅमचं होईल, जाडी २.१ मिलीमीटरच्या आसपास. नुसत्या ब्रशने केलेल्या कामात वजनाला वजन इतकं रेझिन सहज राहतं आणि कवच ७२० ग्रॅमवर जातं. हे जादा १६० ग्रॅम आघाताच्या वेळी जवळजवळ काहीच देत नाहीत, मान मात्र दिवसभर ते वाहते. जोडांवर कापड दुहेरी येतं त्याची भर वेगळी धरा.

एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच मिसळा. इपॉक्सी सेट होताना उष्णता सोडतं, आणि खोल पेल्यात ती अडकली की पाच मिनिटांत पेल्यातून धूर येतो. रुंद ट्रेमध्ये पसरून ठेवलं की वेळ जास्त मिळतो. ढवळताना कडा आणि तळ खरवडत दोन-तीन मिनिटं ढवळा.

साच्यावर रेझिनचा पातळ हात द्या, मग पहिली पाकळी. ब्रश ओढू नका, त्याने तंतू सरकतात. ब्रशची टोकं टोचत टोचत कापड बसवा. ग्लासचं एक सुख आहे. पांढरं कापड भिजलं की पारदर्शक होतं आणि खालचा साचा दिसू लागतो. जिथे पांढुरका डाग राहिला तिथे हवा आहे किंवा कापड कोरडं आहे. त्यावर आणखी रेझिन ओतायची घाई नको. आधी शेजारचं जास्तीचं रेझिन रोलरने तिकडे ढकला, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. रोलर नेहमी मधून कडेकडे. कार्बनमध्ये भिजलेलं आणि कोरडं दोन्ही काळंच दिसतं, तिथे वजनकाट्यावरच विसंबावं लागतं. अरामिड उशिरा भिजतं आणि वर तरंगायला बघतं, त्याला दोन मिनिटं जास्त द्या.

दमट दिवशी काम टाळा. काही इपॉक्सींवर दमट हवेत तेलकट पापुद्रा येतो. सेट झालेल्या थरावर दुसऱ्या दिवशी पुढचा थर चढवणार असाल तर आधी पाण्याने धुऊन, वाळवून, घासून घ्या, नाहीतर दोन दिवसांच्या थरांमध्ये कायमची फट राहते.

हातमोज्यांबद्दल कळकळीने सांगतो. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर जात नाही. आमच्यातल्या एकाला हे काम कायमचं सोडावं लागलं. हाताला लागलं तर साबण-पाणी वापरा, अ‍ॅसिटोनने हात धुऊ नका.

## ९. व्हॅक्यूम बॅग

ओल्या थरांवर क्रमाने पील प्लाय, छिद्रांची फिल्म, ब्रीदर आणि बॅग. पंप चालू केला की वातावरणाचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास एक किलो, सगळीकडून थर दाबतो आणि जास्तीचं रेझिन ब्रीदरमध्ये येतं.

मादी साच्यात बॅग कोपऱ्यांवर ताणून राहते आणि खाली पोकळी उरते. फिल्म साच्यापेक्षा बरीच मोठी कापा, भरपूर चुण्या घाला आणि दाब वाढण्याआधी बोटांनी ती कोपऱ्यात बसवा. मग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून गेज बघा. काटा पडत असेल तर कुठेतरी गळतंय. हे सगळं कोरडं करून बघायचं ते लेअपच्या आदल्या दिवशी, रेझिन मिसळल्यावर गळती शोधायला वेळ नसतो.

## १०. सेट होणं आणि भट्टी

खोलीच्या तापमानाला सेट झालेलं बरंचसं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. उन्हात ठेवलेलं हेल्मेट तिथपर्यंत पोहोचू शकतं, आणि ईसीईच्या चाचणीत नमुने ५० अंशांवर तापवून, तसेच उणे २० अंशांवर गारठवूनही आदळवतात. म्हणून माहितीपत्रकात दिलेल्या तापमानाला आणि वेळेइतकं कवच भट्टीत ठेवा. तापमान हळूहळू चढवा. कवच साच्यातच असू द्या, नाहीतर आकार ढळतो.

हे सगळं अस्तर बसवण्याआधी. ईपीएस ८० अंशांच्या पुढे आकसायला लागतं.

## ११. कापणं, भोकं, अस्तर

डायमंडच्या चकतीने, कापण्याच्या रेघेवर टेप लावून, शक्यतो पाण्याची धार सोडत कापा. ग्लासची धूळ खाजवते, कार्बनची धूळ वीज वाहून नेते आणि जवळच्या यंत्रांत शॉर्ट करते. अरामिड सँडपेपरने घासू नका, त्याची लोकर निघते. कापलेल्या कडा रेझिनने बंद करा, उघड्या कडेतून ओलावा आत शिरतो.

पट्ट्याची भोकं पाडताना मागे लाकूड धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना आतला थर उचलून टाकतं. रिव्हेटखाली रुंद वॉशर हवाच. हेल्मेट डोक्यावर टिकलंच नाही तर वरची सगळी मेहनत वाया.

अस्तराचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सॉल्व्हंट. आम्ही एकदा रंग पूर्ण वाळायच्या आत अस्तर बसवलं. सकाळी अस्तराची कवचाकडची बाजू मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खाल्लेली होती. बाहेरून काहीही कळत नव्हतं. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन, थिनर, पेट्रोल, बरेचसे स्प्रे पेंट, सगळे ईपीएस विरघळवतात. रंग आधी, तो पूर्ण वाळल्यावर अस्तर, आणि गोंद सॉल्व्हंट नसलेला. कवच आणि अस्तर यांत पोकळी राहू देऊ नका.

## १२. तपासणी

मडकं घेताना जसं वाजवून पाहतात तसं नाण्याने सगळं कवच हलकेच वाजवा. जिथे आवाज टणक तिथे थर एकजीव आहेत. जिथे बद्द आवाज येतो तिथे पापुद्रा सुटला आहे. खडूने खूण करा.

मग वजन आणि जाडी. टाळू, दोन्ही कानशिलं, कपाळ, मागची बाजू, निदान या पाच ठिकाणी जाडी मोजा.

ग्लासचं प्रमाण पाहायला लेअपच्या वेळीच त्याच कापडा-रेझिनचा एक सपाट तुकडा सोबत बनवा आणि त्याच बॅगेत ठेवा. त्याचा छोटा तुकडा प्रयोगशाळेच्या भट्टीत सुमारे ५६५ अंशांवर जाळला की रेझिन उडून जातं आणि नुसती काच उरते. १० ग्रॅममधून ६.२ ग्रॅम उरले तर वजनाने ६२ टक्के, आकारमानाने सुमारे ४२ टक्के. ही पद्धत फक्त ग्लासला, कार्बन आणि अरामिड त्या तापमानाला हवेत टिकत नाहीत.

शेवटी ड्रॉप टेस्ट, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली, योग्य सेन्सरसह. छतावरून हेल्मेट फेकून काहीच कळत नाही. सपाट ऐरण आणि फुटपाथच्या कडेसारखी ऐरण, दोन्हींवर करा. ताठ कवच सपाटीवर नापास होतं, लेचंपेचं कडेवर.

चाचणीनंतरचा अर्धा दिवस राखून ठेवा. आदळलेल्या जागेतून कवच करवतीने आरपार कापा आणि कापलेली कड ओल्या सँडपेपरने गुळगुळीत करून भिंगाखाली धरा. बाहेरून नुसता पांढुरका डाग दिसतो, आत मात्र थराथरांमध्ये केसासारख्या काळ्या रेघा पंख्यासारख्या पसरलेल्या असतात, आतल्या बाजूकडे जास्त रुंद. त्या रेघा म्हणजे कवचाने खर्च केलेली ऊर्जा. रेघा दिसल्या, आतलं अस्तर निम्म्याहून जास्त दबलेलं सापडलं आणि तरीही तंतू आरपार तुटलेले नसतील, तर तुमची जोडी जमत आलीय. रेघा नाहीत आणि अस्तरही शाबूत, तर एक थर कमी करा किंवा अस्तराची घनता उतरवा. तंतू आरपार गेले असतील तर आत अरामिडचा थर वाढवा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाचे किमान तीन नमुने.

चाचणी झालेल्या आणि न झालेल्या प्रत्येक नमुन्यावर पक्क्या शाईने 'घालण्यासाठी नाही' असं लिहा आणि हनुवटीचा पट्टा कापून टाका. चकचकीत दिसणारं हेल्मेट कोपऱ्यात पडलेलं असतं, कुणीतरी घाईत ते उचलून बाहेर पडतं. पट्टा कापलेला असला की ते डोक्यावर बसतच नाही.